चवीची वही

शाळेतल्या दोन वस्तू माझ्या ताब्यात. एक फाटकाची किल्ली आन दुसरी घंटा. घंटा म्हणजे काय, रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, जांभळाच्या फांदीला तारेनं टांगलेला. कुणी आणला, कधी आणला, कुणाला ठाऊक नाय. त्याच्यावर लोखंडी कांब मारली की पार नदीपतुर ऐकू जातं. एकवीस वरसं मी ती कांब मारतोय. हेडसर चार बदलले, शाळेचा रंग तीनदा बदलला, कांब तीच हाय.

गावाचं नाव सांगत नाय. कर्जतवरनं खोपोलीकडं जाताना आत वळलं की लागतं, एवढं पुरं. शाळेला उगाच बोल नको. पाचवी ते दहावी शाळा आन मी तिथला शिपाई. पोरं मला पदूमामा बोलतात, हेडसर पदू बोलतात. खिचडी शिजवणारी आनंदीबाई मला 'ओ घंटावाले' बोलते, आन तेही राग आला नसंल तेव्हा.

औंदा पाचवीला अफरीन आली. काडीसारखी पोर, दोन वेण्या, आन तोंड सारखं चालू. मामा, हा रूळ कुठल्या गाडीचा? मामा, जांभळं कधी लागणार? पयल्या दिवशी तिची आई रुकय्या तिला घेऊन आली, तेव्हा हातात एक छोटी पिशवी होती. पिशवीत बर्फाची बाटली, आन तिच्या बाजूला औषध आन सुई. पोरीला शुगर हाय, बोलली.

मी हसलो. मला वाटलं गंमत करते. शुगर म्हणजे आमच्या हेडसरांना हाय, संस्थेच्या आबाजी चेअरमनला हाय, लग्नात जिलेबी नको नको म्हणत दोन उचलणाऱ्यांना असते. दहा वरसाच्या पोरीला कशाला शुगर? रुकय्या बोलली, मामा, ही गोड खाऊन झालेली नाय. हिच्या अंगात ते औषध बनतच नाय, म्हणून बाहेरनं द्यायचं. सकाळी, दुपारी, रात्री, जेवायच्या आधी सुई. आन सुई टोचली की पाव तासात घास पोटात गेलाच पायजे. नायतर साखर खाली उतरते, आन साखरेच्या पाठोपाठ पोर.

हे सगळं तिनं हेडसरांनाही सांगितलं. हेडसर भिसेगावातनं येतात, माणूस वाईट नाय, पण कागदाला भितात. त्यांनी फायलीतनं दोन कागद काढले. एकात लिहिलेलं, शाळेतल्या कुणीही पोराला आपल्या हातानं औषध नाय तर सुई द्यायची नाय. दुसरा पोरांच्या सुरक्षेचा. शाळा चालू असताना बाहेरचा माणूस फाटकाच्या आत घ्यायचा नाय, पालकसुद्धा.

"बाई, आम्ही टोचू शकत नाही, आणि तुम्ही आत येऊ शकत नाही," हेडसर बोलले. "माझ्या हातात असतं तर गोष्ट वेगळी."

रुकय्यानं दोन्ही कागद नीट वाचले. ती बारावी झालेली हाय. मंग बोलली, "मंग मधी काय करायचं सर?"

"मधी फाटक हाय," मी बोललो. हेडसरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी आणायला गेलो. पण झालं शेवटी तेच.

रोज सव्वाबाराला रुकय्या फाटकाच्या बाहेर आन अफरीन आत. पोरगी बाही वर करून दंड गजातनं बाहेर काढायची, आई चिमटीत कातडी धरून सुई टोचायची. दहा आकडे मोजायची, सुई काढायची. पयल्या दिवशी अर्धी शाळा बघायला जमली. आठ दिवसांनी कुणी ढुंकून बघंना. फक्त एक पोरगं तिच्या सोबतीनं मोठ्यानं दहापतुर मोजायचं, आन पंधरवड्यात त्यालाही कंटाळा आला. मी आतल्या बाजूला उभा. किल्ली खिशात. कुलूप काढलं असतं तर आई आत आली असती, सावलीत बसून पोरीला टोचलं असतं. पण कागद.

रुकय्या घरी ब्लाऊज शिवते. तिचा नवरा तालिब रसायनीला कंपनीत, कधी सकाळची पाळी कधी रात्रीची, त्याला जमण्यासारखं नाय. ती पावणेबाराला मशीन सोडून चालत यायची. एक दिवस मला बोलली, "मामा, तुमी दिसभर इथं असता. हिला घाम सुटला, हात थरथरले, नाय तर उगाचच्या उगाच हसायला लागली, तर समजायचं साखर उतरली. हिच्या फ्रॉकच्या खिशात गुळाचा खडा असतो. तेवढा तोंडात टाकायला सांगा."

"हसायला लागली तर कसं समजणार गं? ती कायम हसतेच."

"तसं नाय मामा. ते हसणं बघितलं की कळतं."

आता वहीचं सांगतो, नायतर पुढचं कळायचं नाय.

खिचडी शिजली की पोरांना वाढायच्या आधी अर्धा तास कुणीतरी चाखून बघायची, असा आमच्याकडं कागद हाय. कुठं काय बाधलं तर आधी मोठ्या माणसाला बाधावं, म्हणून. चाखली की वहीत लिहायचं, चव कशी, आन खाली तीन सह्या. एक शिक्षकाची, एक शिजवणारीची, एक पालकाची. शिक्षक सही करतात, आनंदीबाई करते. पालक कुठनं आणायचा रोज? एक कंपनीत, एक वालाच्या शेतात, एक मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवर. म्हणून पालक मी. माझी पोरगी ह्याच शाळेतनं दहावी झाली, सासरी गेली, तिला पोरगं झालं, ते चालायला लागलं, तरी त्या वहीत मी अजून पालकच होतो. चव कशी, ह्या रकान्यात मी रोज 'उत्तम' लिहायचो. चाखायचो नाय. आनंदीबाईच्या खिचडीत काय हाय ते मला पाठ हाय.

पौषाच्या सुमाराला हेडसरांना फोन आला की मुंबईहून समिती येणार. शाळेतल्या पोरांच्या तब्येतीचा नवा कायदा करायचं चाललंय, म्हणे. दर काही शाळांमागं एक नर्स नेमायची, तिच्याकडं औषधं, पोरांचे कागद, सगळं. तो कायदा पुढं ठेवायच्या आधी साहेब लोक चार गावच्या शाळा बघत होते, त्यात आमची.

आठ दिवस शाळा शाळा राहिली नाय. भिंतीला गेरू, झाडांना चुना, मुलींचं लेझीम. हेडसरांनी ठरवलं, मोठ्या साहेबांच्या हातनं खिचडीची चव घ्यायची आन त्याचा फोटो काढायचा. "साहेबांनी चव घेतल्याशिवाय टोपावरचं झाकण निघणार नाही," त्यांनी आनंदीबाईला सांगितलं. मला सांगितलं, "पदू, मी हात वर करेन तेव्हाच घंटा. त्याआधी नाही."

"आन साडेबारा झाले तर?"

"साहेब अकराला येतायत. अर्ध्या तासात उरकेल. तू नको तिथं डोकं लावू नकोस."

साहेब अकराला येणार होते, ते बाराला पाच कमी असताना आले. लेझीमच्या पोरी नऊपासून उन्हात नाचत होत्या, रंगीत तालीम म्हणून तीनदा. त्यात अफरीन पयल्या ओळीत. गाड्या सहा आल्या, सगळ्या फाटकाला चिकटून उभ्या. रुकय्या आली तर तिला उभं राहायला जागा नाय. मी तिला बाजूला, कंपाऊंडला जाळी लावलीय तिथं नेली आन अफरीनला हाक मारली. ती लेझीम हातात घेऊनच धावत आली.

सुई भरून रुकय्या मला बोलली, "घंटा टायमावर ना, मामा?"

मी मंडपाकडं बघितलं. शाली निघत होत्या. मला हेडसरांचा वर न झालेला हात दिसत होता. मला सगळं माहीत होतं. आन मी बोललो, "साडेबाराला म्हणजे साडेबाराला."

का बोललो ते मी तेव्हापासनं लय वेळा स्वतःला विचारलंय. खोटं बोलायचं नव्हतं. एकवीस वरसं कुणीही विचारलं की तोंडातनं हेच निघतं. घंटा टायमावर, ही माझी एकच गोष्ट हाय ज्याला कुणी नाव ठेवलेलं नाय. तोंडानं सवयीनं सांगून टाकलं, आन तिनं माझ्या भरवशावर टोचलं. तिच्याकडं लग्नघरातलं गिऱ्हाईक बसलेलं होतं, सात ब्लाऊज त्याच दिवशी द्यायचे. ती निघून गेली.

सत्काराचं आमच्याकडं कसं असतं ते तुमाला माहीत हाय. अकरा पाहुणे, अकरा शाली, अकरा नारळ, अकरा गुच्छ. प्रत्येकाच्या वेळी टाळ्या. मधीच कळलं की एका पाहुण्याचं नाव यादीतनं राहिलं. ते खाली मान घालून बसले होते. मंग आबाजी चेअरमननी स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांना घातली, आन त्याबद्दल आबाजींचा सत्कार. साडेबारा वाजले. मी हेडसरांकडं बघितलं, त्यांनी डोळ्यानंच थांब सांगितलं. पावणेएक वाजले. खिचडीच्या शेडमधनं आनंदीबाई आली.

"ओ घंटावाले, झाकण काढू का? खाली करपायला लागलीय."

"साहेबांची चव व्हायचीय."

"साहेबांना करपलेली देऊ का मंग?"

तेवढ्यात मोठे साहेब बोलायला उभे राहिले. खरं सांगतो, माणूस चांगलं बोलला. बोलला, पोरगं घरी आजारी पडलं तर आई बघते, पण शाळेत सहा तास त्याला कोण बघतं? गुरुजींनी शिकवायचं का ताप बघायचा? म्हणून हा कायदा, म्हणून नर्स. मी घंटेखाली उभा राहून मान हलवत होतो. बरोबरच होतं त्यांचं.

आन अफरीन हसली.

दोनशे पोरं गप्प बसलेली, आन ही पयल्या ओळीत बसून हसते. लय मोठ्यानं नाय, पण थांबेचना. साहेब जरा अडखळले, मंग हसून पुढं बोलायला लागले. तिच्या वर्गाच्या श्रद्धा मॅडम वाकून आल्या आन डोळे वटारून, "अफरीन, पाहुणे बघतायत." पोरीनं त्यांच्याकडं बघितलं, पण ते बघणं त्यांच्या आरपार कुठंतरी. आन परत हसली. मला रुकय्याचं बोलणं आठवलं. ते हसणं बघितलं की कळतं. कळलं मला.

हेडसरांचा हात खालीच होता. मी कांब उचलली.

खिचडीच्या घंटेचे टोले पाच असतात. त्या दिवशी मी किती मारले मोजले नाय. दोनशे पोरं ताटल्या घेऊन उठली. नऊ वाजल्यापासनं भुकेली पोरं, ती कुठली साहेबांना ऐकतायत. माईकवर कुणीतरी बसा बसा बोलत होतं. मी कांब टाकली आन उलटा गर्दीतनं पुढं घुसलो.

श्रद्धा मॅडमनी तिला रागानं दंडाला धरून उठवायला घेतलं होतं, आन हात लावल्याबरोबर त्या थांबल्या होत्या. फ्रॉक घामानं चिंब. पोर त्यांच्या अंगावर कलंडली. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मी ती उघडली तर आत गूळ. खडा नाय, सगळा पाघळून बोटांना चिकटलेला. पाहुण्यांसमोर कुणी काय चघळायचं नाय, असं मॅडमनी सकाळी बजावलं होतं. पोरीनं ऐकलं होतं. कितीतरी वेळ ती औषध मुठीत धरून बसली होती.

पाहुण्यांच्या चहाची साखर टेबलावर होती. मी ती एका पेल्यात पाण्यात ओतली आन तिच्या ओठाला लावली.

"मामा," श्रद्धा मॅडम बोलल्या, "आपल्याला काही द्यायची परवानगी नाहीये ना?"

"तुमी तोंड फिरवा, मॅडम."

त्यांनी तोंड फिरवलं नाय. खाली मातीत बसल्या, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आन बोलल्या, "हळू द्या. ठसका लागेल."

घोटघोट करत गेलं पाणी. मंग हातावरचा गूळ तिच्याच जिभेला लावला. मला वाटलं तासभर गेला, पण मॅडम बोलल्या दहा मिनिटं. पोरीनं डोळे नीट उघडले, आजूबाजूला जमलेल्या एवढ्या शाली बघितल्या आन बोलली, "खिचडी संपली का?"

मोठे साहेब खाली उतरून आमच्याजवळ आले होते. त्यांनी सगळं विचारलं, कुणाला तरी लिहून घ्यायला लावलं. हेडसरांना बोलले, "बघा, याचसाठी कायदा हवा." ते खरंच होतं. मंग कुणीतरी त्यांच्या कानात बोललं, आबाजींच्या वाडीवर पोपटी लावली होती, मडक्यातला वाल आन अंडी थंड झाली की मजा जाते. सहाच्या सहा गाड्या गेल्या. खिचडी कुणी चाखली नाय. त्या दिवशी वहीत मी 'उत्तम' लिहिलं नाय, रकाना तसाच कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मला आत बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद.

"बस, पदू."

एकवीस वरसांत मला त्या खुर्चीवर कुणी बस बोललं नव्हतं. मी उभाच राहिलो.

"आबाजी तुझ्यावर भडकलेत. साहेबांचं भाषण तोडलंस. पण ते मी सांभाळून घेतो. तू फक्त याच्यावर साक्षीदार म्हणून सही कर."

मी चौथीपतुर शिकलोय. वाचता येतं, पण बोट ठेवून. बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, पालकानं शाळेला न कळवता परस्पर सुई दिली, त्यामुळं मुलीची प्रकृती बिघडली, शाळेचा काही संबंध नाही. सबब नर्सची नेमणूक होईपर्यंत मुलीनं घरीच अभ्यास करावा.

"नर्स कधी येणार, सर?"

"कायदा झाला की."

"आन कायदा कधी होणार?"

हेडसरांनी वर पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता.

मला अफरीनचं पुढचं दिसायला लागलं. घरी मशीनच्या बाजूला बसून ब्लाऊजचे दोरे तोडतेय. पयलं एक वरीस म्हणायचं, मंग दोन, मंग कशाला आता. आमच्या भागात अशा पोरी हायत. त्यांना कुणी शाळेतनं काढलेलं नसतं. नुसतं काही दिवस थांबा सांगितलेलं असतं.

"सर, ह्यात एक चुकीचं लिहिलंय," मी बोललो. "न कळवता नाय. मला विचारून टोचलं तिनं. घंटा टायमावर का, विचारलं. मी हो बोललो. मला ठाऊक होतं की होणार नाय, तरी हो बोललो. चूक लिहायची तर माझी लिवा."

"तुझी लिहिली की ती शाळेची होते रे."

"मंग शाळेची लिवा."

हेडसरांनी घड्याळाकडं बघून टेबलाच्या कप्प्यातनं डबी काढली, एक गोळी घेतली, पाणी प्यायले, आन पाठोपाठ दोन बिस्किटं खाल्ली. मी बघत होतो. मी बघतोय हे त्यांनीही बघितलं.

"काल मलाही गरगरलं होतं," खालच्या आवाजात बोलले. "दीड वाजेपर्यंत पोटात काही नव्हतं."

"मंग हात का नाय वर केला, सर?"

"साहेब बोलत होते ना."

मीही एकवीस वरसं कुणाच्या ना कुणाच्या हाताकडं बघतच घंटा मारलीय.

"पदू, माझी दोन वर्षं राहिलीत," ते बोलले. "मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण मी कागदाच्या बाहेर जाऊ शकत नाही."

"बाहेर नका जाऊ. आतच बघू," मी बोललो आन शेडमधे जाऊन वही आणली. कालचं पान उघडलं. चवीचा रकाना कोरा. त्याच्या आधीची पानं उलटवून दाखवली. उत्तम, उत्तम, उत्तम, आन खाली माझी सही. हेडसरांना पयलं हसू आलं. मंग ते घाबरले.

"तू पालक कुठला? हे कुणी तपासलं तर?"

"तेच बोलतोय सर. कुणी तपासायच्या आधी खरा पालक आणू. कागद बघा, काय बोलतो तो. रोज एक पालक, पोरांच्या आधी अर्धा तास, शाळेत येऊन चव घेणार. म्हणजे बाराला फाटक उघडलंच पायजे. मी उघडतो, असं नाय. कागद उघडतो."

हेडसरांनी फायलीतनं चवीचा कागद शोधून काढला. एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला.

"आणि सुई?"

"सुई आई टोचणार, आपल्या पोरीला. आपल्यातलं कुणी हात लावत नाय. आन पयली वाटी त्या दोघी खाणार. मंग पाहुणे येवोत नाय तर सत्कार होवो, त्या पोरीचं पोट बारा-सव्वाबाराला भरलेलं."

"पण रोज एकच पालक?"

"बदलून पायजे असं लिहिलंय का त्यात?"

त्यांनी तिसऱ्यांदा वाचला. "नाही लिहिलेलं," बोलले.

तो टाईप केलेला कागद त्यांनी घडी घालून कप्प्यात ठेवला, गोळ्यांच्या डबीखाली. फाडला नाय. हेडसर कागद फाडत नायत. पण परत बाहेरही काढला नाय.

रुकय्या फाटकाबाहेर उभी होती. तिला वाटलं होतं पोरीचं नाव काढून घ्यायला बोलावलंय. दाखला ठेवायला पिशवी पण आणली होती. मी कुलूप काढलं आन फाटक पुरं उघडलं. ती आत येईना. मी काय बोलतोय ते तिला पटायला वेळ लागला.

सगळं सांगून झाल्यावर मी बोललो, "रुकय्या, काल मला ठाऊक होतं गं. घंटा टायमावर नाय होणार. तरी मी हो बोललो."

ती पिशवीची घडी घालत राहिली. मंग बोलली, "आन मी ब्लाऊजसाठी निघून गेले. थांबले असते तर मलाच दिसलं असतं." तिनं पिशवी काखेत मारली. "पुन्हा विचारलं तर खरं सांगाल ना, मामा?"

"सांगीन."

"मंग झालं." जरा पुढं गेली आन वळून बोलली, "पण रमजानमधी चव कशी घेऊ?"

"ते मी हेडसरांना विचारलं नाय अजून. तिसरा कागद निघायचा."

"अफरीन चाखेल, मी सही करीन," ती बोलली. तिचं तिनंच सोडवलं.

नर्सचा कायदा अजून वरच हाय. होईल तेव्हा होईल, झाला तर मी स्वतः त्या नर्सबाईला खुर्ची पुसून देईन. तोपतुर शेडच्या सावलीत एक बाकडं ठेवलंय. श्रद्धा मॅडमनी तिथं भिंतीवर लिहून लावलंय, घाम, थरथर, उगाच हसणं, अशी सगळी लक्षणं, आन खाली मोठ्या अक्षरात, गूळ कधीही खावा, पाहुणे असले तरी.

आता एकच भानगड झाली. पयल्याच दिवशी रुकय्यानं खिचडी चाखली, आन चव कशी ह्या रकान्यात लिहिलं, मीठ कमी, डाळ नीट शिजली नाही. वही सुरू झाल्यापासनं अकरा वरसांत तिच्यात असलं काय कुणी लिहिलं नव्हतं. आनंदीबाईनं मला वाचून दाखवायला लावलं. वाचलं. दोन दिवस ती रुकय्याशी बोलली नाय, आन माझ्याशी चार दिवस, का तर वहीची आठवण मी काढली म्हणून. पण तिसऱ्या दिवशी मीठ बरोबर होतं. मी चाखलं. आता चाखतो मी पण.

अफरीन मात्र लय रेंगाळते खाताना. एकेक शीत उचलते, आईला गोष्टी सांगते, जांभळाकडं बघते. काल मी कांब हातात घेऊन तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आवर गं पोरी. दोनशे पोरं ताटल्या वाजवतायत."

तिनं हेडसरांच्या खोलीतलं घड्याळ खिडकीतनं वाकून बघितलं आन परत मांडी घालून बसली.

"मामा, अजून दोन मिंटं हायत," बोलली. "साडेबाराला म्हणजे साडेबाराला."